नॉनस्टिकऐवजी काय घ्यावे, आणि घरातल्या जुन्या पितळी पातेल्यांचे काय करावे?

गृहिणी_पाथर्डीफाटा

नमस्कार. आमच्या घरात पाच माणसे आहेत : आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई. स्वयंपाक मुख्यतः गॅसवर होतो. सकाळच्या घाईत दुसरी शेगडी म्हणून इंडक्शनही वापरले जाते. घरातल्या नॉनस्टिक तव्याचा आणि कढईचा थर आता जागोजागी सुटू लागल्यामुळे दोन्ही काढून टाकायचे ठरले आहे, पण त्यांच्या जागी काय आणावे यावर घरात एकमत होत नाही. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई असली की आणखी कशाचीही गरज नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. यजमानांचा ओढा तीन थरांच्या स्टीलकडे आहे आणि त्यांनी एका दुकानात नऊ नगांचा संच पाहूनही ठेवला आहे. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

आमच्याकडे काय शिजते ते सांगितले तर उत्तर देणे सोपे जाईल. पोळ्या रोज होतात, बाजरीची किंवा नागलीची भाकरी अधूनमधून होते, मुलांसाठी धिरडी आणि डोसे वरचेवर करावे लागतात. काळ्या मसाल्याची चिंच-गूळ घातलेली आमटी, टोमॅटोचा रस्सा, पिठले आणि परतलेल्या पालेभाज्या हा नेहमीचा स्वयंपाक आहे. दूध दिवसातून दोनदा तापते.

दुसरा प्रश्न सासूबाईंच्या भांड्यांचा आहे. त्यांच्या माहेरची दोन जाड पितळी पातेली आणि तांब्याची एक तपेली माळ्यावर आहेत. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा थर, जवळजवळ पूर्ण उडाली आहे. ती मोडीत द्यावीत, की कल्हई करून पुन्हा वापरात आणावीत? तिसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी सोडले जाते, तेव्हा ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो आणि स्टीलच्या पातेल्यांच्या तळाशी पांढरे डाग धरतात. भांडी खराब झाली असे समजावे का?

ओतशाळा_अंबड

ताई, नमस्कार. मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात नोकरी केली आहे, त्यामुळे बिडाच्या बाजूने माझा थोडा पक्षपात होईल. तेवढा वजा करून वाचावे.

भांडे निवडताना मी दोन प्रश्न विचारतो : पदार्थ आंबट आहे का, आणि तो तळाला धरतो का. आंबट व पातळ पदार्थासाठी स्टील घ्यावे; कोरडा, परतायचा किंवा तव्यावर पसरायचा पदार्थ लोखंडावर करावा. चिंच-गुळाची आमटी आणि टोमॅटोचा रस्सा लोखंडी कढईत उकळला तर आंबटपणामुळे लोखंड त्यात उतरते, रस्सा काळपट होतो, धातूची चव जिभेवर रेंगाळते, आणि कढईवर महिनोन् महिने बसलेला तेलाचा थर एका दुपारीत निघून जातो. उलट, स्टीलच्या तव्यावर धिरडे घालणे म्हणजे रोजची झटापट आहे. त्यामुळे आपल्या घरी सासूबाई तव्याच्या बाबतीत बरोबर आहेत आणि यजमान पातेल्यांच्या बाबतीत.

आता धातूंच्या स्वभावाविषयी थोडे सांगतो, कारण दुकानात गेल्यावर हे कोणी सांगत नाही. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॉट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजली, तर तांब्याची सुमारे ४००, ॲल्युमिनियमची सुमारे २३५, बिडाची ५० च्या आसपास आणि चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची जेमतेम १६ भरते. पातळ स्टीलच्या पातेल्यात वरण नेमके ज्योतीच्या वर्तुळावर लागते आणि मध्यभागी किंवा कडेला लागत नाही, याचे कारण हेच आहे : ज्योत जिथे लागते तिथली उष्णता बाजूला पसरतच नाही. तीन थरांच्या भांड्यात दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि तो उष्णता पसरवण्याचे काम करतो. इथे एक खुबी लक्षात ठेवावी. काही भांड्यांना फक्त बुडाला जाड चकती बसवलेली असते आणि बाजू साध्या पातळ स्टीलच्या असतात. आमटी-भातासाठी तेही चालते, पण कढईसारख्या उभ्या बाजूंच्या भांड्यात परतताना फरक कळतो. ॲल्युमिनियमचा थर काठापर्यंत गेला आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. बऱ्याच भांड्यांच्या कडेवर त्याची रेघ डोळ्यांना दिसते.

स्टीलच्या प्रतीविषयी एक समज खोडून काढायला हवा. चुंबक चिकटला तर स्टील हलके आणि न चिकटला तर उत्तम, असे सर्रास सांगितले जाते. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि तिला चुंबक बहुधा चिकटत नाही. पण स्वस्त २०२ या प्रतीलाही तो चिकटत नाही, कारण तिच्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. मग ओळखायचे कसे? बुडावरचा छाप पाहावा, बिलावर प्रत लिहून घ्यावी आणि वजन हातात घेऊन बघावे, याहून सोपा मार्ग घरच्या घरी नाही. शिवाय आपल्याकडे इंडक्शन आहे, म्हणजे बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे. त्यासाठी तीन थरांच्या भांड्यांत बाहेरचा थर मुद्दाम ४३० सारख्या चुंबकीय प्रतीचा देतात. आपल्या बाबतीत चुंबकाचा उपयोग आहे, पण तो एवढ्याचसाठी.

बिडाकडे वळतो. बीड म्हणजे २ टक्क्यांहून अधिक कार्बन असलेले ओतीव लोखंड. ते उष्णता हळूहळू घेते आणि एकदा घेतली की सोडत नाही. धिरडे घातले तरी तव्याचा ताव उतरत नाही, म्हणून जाळी सुरेख पडते. दोष असा की ते ठिसूळ असते. ओट्यावरून फरशीवर पडले तर तुकडे होऊ शकतात, आणि तापलेला तवा नळाखाली धरला तर तडकू शकतो. घेताना बोटाच्या गाठीने वाजवून पाहावा. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव असतो. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का हे बघावे, विशेषतः इंडक्शनसाठी. पांढऱ्या फडक्याने पुसून काळा रंग उतरतो का तेही बघावे, कारण काही ठिकाणी गंज झाकण्यासाठी काळे वॉर्निश फासलेले असते आणि ते अन्नाखाली असू नये. इंडक्शनवर तवा ठेवल्यास सुरुवातीची काही मिनिटे आच मंद ठेवावी, आणि काचेवरून तो ओढू नये, उचलावा.

पोळ्या-भाकरीसाठी मात्र बीड आणू नका. तिथे पत्र्याचा घडीव लोखंडी तवा हवा, जो लवकर तापतो आणि आच कमी-जास्त केली की लगेच ऐकतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात असे तवे मिळतात. पोळीचा तवा आणि धिरड्याचा तवा हे दोन वेगळे असावेत, हा माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला समजावा. पोळ्या भाजताना तवा बिनतेलाचा बराच वेळ कडक तापतो आणि त्यावरचा तेलाचा थर जळून जातो. त्याच तव्यावर संध्याकाळी धिरडे घातले की ते चिकटते आणि दोष बिचाऱ्या लोखंडाला लागतो.

नॉनस्टिकविषयी फार भय बाळगण्याचे कारण नाही, पण त्याची मर्यादा ओळखावी. त्यावरचा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, थर साधारण २६० अंश सेल्सियसच्या आत वापरण्यासाठी असतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून आपण फोनवर बोलत राहिलो, तर ही मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाते, आणि आणखी तापल्यावर निघणारी वाफ माणसाला त्रासदायक व पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना जीवघेणी ठरते. पीएफओए या ज्या रसायनाची चर्चा होते ते थर बनवण्याच्या प्रक्रियेत वापरले जात असे. मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत बंद केले. आपला तवा थर सुटल्यामुळे टाकायचाच आहे, तो टाकावा. सिरॅमिक थराचे तवे पर्याय म्हणून पुढे केले जातात. त्यांचा निसरडेपणा माझ्या पाहण्यात फार लवकर संपतो.

नऊ नगांचा संच घेऊ नये, असे यजमानांना माझ्या वतीने सांगावे. संचातली निम्मी भांडी आपल्या स्वयंपाकाच्या मापाची नसतात आणि त्यांची किंमत मात्र आपणच देतो. तीन थरांची एक कढई व झाकणाचे एक पातेले सुटे घ्यावे, बिडाचा एक तवा आणि पत्र्याचा एक. एवढ्यावर वर्षभर स्वयंपाक करून पाहावा.

पंचवटीची_काकू

ओतशाळा यांनी निवडीविषयी लिहिले आहे ते योग्यच आहे. निगेविषयी त्यांनी फारसे लिहिलेले नाही, आणि बिडाचा तवा निगेवर जगतो, म्हणून लिहिते.

नवा तवा घरी आणल्यावर तो गरम पाण्याने व साबणाने स्वच्छ घासावा, कारण गंज येऊ नये म्हणून कारखान्यात त्याला लावलेले तेल खाण्याचे नसते. लगेच पुसून मंद आचेवर पूर्ण कोरडा करावा. मग शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा करडईचे तेल अगदी थेंबभर घेऊन पुढून, मागून आणि मुठीलाही चोळावे, आणि नंतर कोरड्या सुती फडक्याने ते असे पुसून काढावे की तेल लावलेच नव्हते असे वाटावे. इथेच बहुतेकांचे चुकते. तेल जास्त राहिले तर ते घट्ट न होता चिकट राहते आणि तव्यावर धूळ बसल्यासारखे डाग पडतात. पुसलेला तवा मध्यम आचेवर धूर येऊन तो ओसरेपर्यंत तापवावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि आपोआप थंड होऊ द्यावा. हे तीन-चार वेळा करावे. तापल्यावर तेल पातळ राहत नाही, त्याचे कण एकमेकांत गुंतून कडक पापुद्रा बनतो आणि तो लोखंडाच्या बारीक खळग्यांत रुतून बसतो. जवसाचे तेल सर्वांत चांगले असे वाचायला मिळते. त्याने पहिल्या दिवशी तवा देखणा दिसतो खरा, पण पुढे तो थर पापडीसारखा सुटतो, म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही.

आमच्या आजीच्या पिढीत यासाठी पेज वापरत. नव्या तव्यावर भाताची पेज घालून ती रात्रभर ठेवायची, सकाळी घासून टाकायची आणि पुन्हा घालायची, असे काही दिवस चाले. त्याने कारखान्याचा काळेपणा व लोखंडाचा वास निघून जातो, पण तेलाचे काम शेवटी तेलालाच करावे लागते.

पहिले काही दिवस त्यावर भरपूर तेलाचे पदार्थ करावेत. कांदा परतावा, थालीपीठ लावावे, बटाट्याच्या काचऱ्या कराव्यात. डोसा आणि धिरडे थोडे थांबून करावे. पहिल्याच दिवशी डोसा घालून तवा वाईट ठरवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पिठल्यालाही लोखंडी कढई चांगली, पण ते जेवणापुरते करून लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे. लोखंडात शिजवलेला कोणताही पदार्थ त्याच भांड्यात ठेवून देऊ नये. वांगे, कच्चे केळे, केळफूल यांच्या भाज्या लोखंडात काळ्या पडतात. त्यात वावगे काही नसते, त्यांच्यातल्या तुरट द्रव्यांचा आणि लोखंडाचा तो संयोग असतो, पण पाहुण्यांच्या पानात ती भाजी बरी दिसत नाही.

लोखंडी भांड्यांमुळे अन्नात लोह वाढते ही गोष्ट खरी आहे, आणि आंबट व ओल्या पदार्थांत ते अधिक वाढते. त्यालाच जोडून सांगते की घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असेल, तर लोखंडी भांड्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि रक्त कमी असल्याचे निदान झालेल्या बाईने केवळ कढई बदलून औषध बंद करू नये.

गंज आला म्हणून तवा टाकू नये. जाड मीठ आणि तेल घेऊन तो खसाखसा घासावा, जास्त असेल तर तारेची घासणी वापरावी, धुऊन-वाळवून पुन्हा वर सांगितल्याप्रमाणे तेल द्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात भांड्यांच्या फडताळात दमट हवा कोंडते, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात तवा ठेवताना तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवावा.

तांबटलेनकर

पितळी पातेल्यांचा प्रश्न आमच्या घराण्याच्या व्यवसायाचा आहे, म्हणून उत्तर देतो. ती मोडीत देऊ नका. मोडीत पितळाचे फक्त वजन धरले जाते. ठोके पाडून घडवलेल्या जाड पातेल्याची घडणावळ त्यात मातीमोल होते. ठोक्यांनी पितळ कठीण होते आणि पत्रा पिचत नाही, म्हणूनच ती पातेली इतकी वर्षे टिकली आहेत. आज भांडी बाजारात त्याच मापाचे नवे पातेले घ्यायला गेलात तर ते बहुधा त्याहून हलके भरेल.

मात्र कल्हई केल्याशिवाय त्यांत काहीही शिजवू नये, आणि हे केवळ जुन्या बायकांचे सांगणे नव्हे. भारताच्या अन्न सुरक्षा नियमांतही २०११ पासून असे म्हटले आहे की नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातले अन्न खाण्यास अयोग्य समजावे. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो यांनी पितळेतले तांबे विरघळते, पदार्थ कळकतो आणि मळमळ, उलट्या होतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. दुधाविषयी मात्र गैरसमज आहे. दूध आंबट नसते, म्हणून ते बिनकल्हईच्या पितळेत चालेल असे पुष्कळांना वाटते, परंतु दुधातली प्रथिने तांबे धरून ठेवतात. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा विकार भारतात एकेकाळी बराच आढळत असे; पुण्यातल्या व ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा संबंध पितळी व तांब्याच्या भांड्यांत तापवून बाळांना पाजलेल्या दुधाशी जोडून दाखवला. घरोघरी स्टील आल्यावर तो विकार दुर्मीळ झाला. म्हणून ताई, दूध तापवायला स्टीलचेच पातेले ठेवा. कल्हई ताजी असली तरी माझा सल्ला हाच राहील, कारण ती आतून कधी विरळ झाली हे दुधाच्या भांड्यात चटकन ध्यानात येत नाही.

कल्हई कशी करतात ते पाहून ठेवले तर काम चांगले झाले की नाही हे ओळखता येते. भांडे आधी आम्लाने व वाळूने घासून लख्ख करतात, भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकून कापसाने फिरवतात, तेव्हा पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी टेकवली की कथील वितळते आणि कापसाच्या एका सफाईदार फेऱ्यात सगळीकडे पसरते, आणि लगेच भांडे पाण्यात बुडवतात. झालेली कल्हई रुपेरी, एकसारखी आणि डागांशिवाय दिसली पाहिजे. कथील शुद्ध हवे. त्यात स्वस्त शिसे मिसळले तर भांडे विषारी होते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर असा बारीक आवाज येतो, शिशाच्या कांडीचा येत नाही. कारागिराला तसे करून दाखवायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नका. चांगला कारागीर रागावत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून काम मन लावून करतो.

कथील २३२ अंशाला वितळते. कल्हईच्या भांड्यासंबंधीचे सगळे नियम या एका आकड्यातून निघतात. ते रिकामे आचेवर ठेवू नये. त्यात तळण करू नये. फोडणी वेगळ्या लोखंडी कढल्यात करून वरून ओतावी, कारण तेल कडकडीत तापवताना क्षणभर दुर्लक्ष झाले तरी कल्हई थेंबाथेंबाने गोळा होते. आतून तारेने किंवा राखेने घासू नये. मऊ घासणी आणि साबण पुरेसा आहे. बाहेरून मात्र चिंच-मीठ किंवा लिंबू खुशाल लावावे. पातेल्याच्या आत पिवळे डोकावू लागले की पुन्हा कल्हईची वेळ झाली असे समजावे. सणावारी भात, मसालेभात, पुरण, वरण यांसाठी ही पातेली काढलीत तर त्यांच्यासारखे भांडे नाही. पितळ सगळीकडून सारखे तापते आणि पुरण तळाला धरत नाही. इंडक्शनवर ती चालणार नाहीत.

तांब्याच्या तपेलीला कल्हई करायची नसेल तर ती साध्या पिण्याच्या पाण्यासाठी ठेवावी. लिंबू-सरबत, ताक किंवा पन्हे तिच्यात ठेवू नये. आणखी एक. हल्ली शोभेच्या पितळी भांड्यांवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारलेले असते. असे भांडे स्वयंपाकासाठी म्हणून कोणी भेट दिले तर तो थर पूर्ण काढून कल्हई केल्याशिवाय चुलीवर ठेवू नये.

गृहिणी_पाथर्डीफाटा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. दुधाविषयीची माहिती मी सासूबाईंना वाचून दाखवली. आपल्या लहानपणी आई दुधाचे पातेले कल्हईवाल्याकडे सर्वांत आधी धाडत असे, असे त्या म्हणाल्या. पातेली कल्हईला द्यायचे ठरले आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. तयार झालेल्या बिडाच्या तव्याला साबण अजिबात लावू नये असे ऐकले आहे. काकूंनी नव्या तव्याला साबण सांगितला आहे, पण रोजच्या वापरात काय करावे? आणि पाण्याच्या डागांविषयी कोणी काही लिहिलेले नाही. कुकर बदलावा का? हिंडालियमचा कुकर घ्यावा, असे शेजारच्या वहिनी सुचवतात.

पंचवटीची_काकू

रोज साबण लावण्याची गरज पडत नाही, पण लावला तर बिघडत नाही. भांडी घासायचा साधा पातळ साबण तेल धुऊन काढतो. आचेवर घट्ट झालेला पापुद्रा आता तेल राहिलेला नसतो, तो निघत नाही. ती बंदी कॉस्टिक असलेल्या जुन्या कडक साबणांच्या काळातली आहे. तव्याचे खरे शत्रू तीन : चिंच-लिंबाने घासणे, पाण्यात भिजत ठेवणे आणि ओला तसाच पालथा घालणे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्या प्रेमाने तो तारेच्या घासणीने चकचकीत करून ठेवतील.

रसायन_गंगापूररोड

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पाण्याचा प्रश्न घेतो. भांडी खराब झालेली नाहीत. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियमचे विरघळलेले क्षार असतात. पाणी उकळले की ते न विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात तळाशी बसतात, तेच पांढरे डाग. घासून ते निघत नाहीत, आंबटाने विरघळतात. पातेल्यात पाणी आणि थोडे व्हिनेगर किंवा लिंबूफूल घालून पाच मिनिटे उकळावे. स्टीलवर जास्त तापल्याने येणारी निळसर-सोनेरी झाकही याच उपायाने जाते.

स्टीलच्या तळावर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढे बारीक खड्डे पडतात, ते मात्र कायमचे असतात. थंड पाण्यात मीठ टाकले की न विरघळलेले खडे तळाशी पडून राहतात आणि क्लोराइडमुळे स्टीलवरचा संरक्षक थर त्या जागी फुटतो. पाण्याला आधण आल्यावर मीठ घातले की ते तत्काळ विरघळते आणि खड्डे पडत नाहीत.

कुकर आतून काळा पडतो त्याचे कारणही पाणीच आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. अल्कधर्मी जड पाण्यात उकळताना तो बदलतो आणि काळपट दिसू लागतो. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल किंवा चिंचेचे बुटूक टाकण्याची आपल्याकडची जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. खाण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमवर वापरू नका. त्याने ते अधिकच काळे पडते. आमटीचा चिंचेचा कोळ कुकरमध्ये घालण्याऐवजी शिजलेली डाळ स्टीलच्या पातेल्यात काढून तिथे घालावा.

काळेपणासाठी कुकर बदलण्याचे कारण नाही. हिंडालियम हेही ॲल्युमिनियमचेच मिश्रधातू आहे, त्यामुळे बोअरवेलच्या पाण्यात ते काळे पडणार नाही असे नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत काही ॲल्युमिनियमच्या, त्यांत हिंडालियमच्याही, आणि काही पितळी भांड्यांतून शिसे पाझरताना आढळले. स्टीलच्या भांड्यांत हे प्रमाण फारच कमी होते. भंगार वितळवून ओतलेल्या, नाव-छाप नसलेल्या स्वस्त भांड्यांविषयी म्हणून सावध राहावे. नवा कुकर घ्यायचाच झाला तर स्टीलचा, इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा घ्या, आणि आयएसआय चिन्हाखाली आयएस २३४७ हा क्रमांक आहे का ते पाहा; फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरना हे चिन्ह सक्तीचे आहे.

जुनाच ठेवणार असाल तर कुकरची रबरी रिंग कडक झाली आहे का ते तपासा आणि शिटीखालच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का ते दर वेळी पाहा. कुकरमध्ये साधारण १२१ अंशांवर अन्न शिजते ते कोंडलेल्या दाबामुळे, आणि डाळीचा फेस नळीत वाळून बसला तर तो दाब बाहेर पडायला वाट उरत नाही. डाळ निम्म्याहून वर भरू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा, त्याच कुकरसाठीचा बसवून घ्यावा. मापाने बसतो म्हणून दुसरा कोणताही बसवू नये.